२६ एप्रिल, ७ मेच्या नंतर

पॉडकास्टवर आलेख ऐकवता येत नाही, ही आमची जुनी अडचण. गेल्या रेकॉर्डिंगला मी हातवारे करून "हा बार एवढा, तो बार तेवढा" असं दहा मिनिटं सांगत होते आणि एडिट करताना ते सगळं कापावं लागलं. म्हणून हा लेख. बोलायचंय मुख्यतः एकाच स्तंभालेखाबद्दल, जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मे २०२० मध्ये वेबसाइटवर टाकलेल्या. तुमच्यापैकी काहींनी तो डेटा व्हिजुअलायझेशनच्या क्लासमध्ये 'काय करू नये' या सदरात पाहिला असेल. प्रोफेसर स्लाइड दाखवतात, वर्ग हसतो, पुढची स्लाइड येते. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, कारण मी त्या आलेखावर विश्वास ठेवून बसले होते.

मी तेव्हा अटलांटात पीएचडी करत होते आणि डीकॅब काउंटीत राहत होते. लॅब बंद. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी राज्य उघडायला सुरुवात केली होती: २४ एप्रिलला सलून, जिम वगैरे, २७ एप्रिलला रेस्टॉरंटमध्ये बसून जेवण, आणि महिना संपताना बहुतेकांसाठी घरी थांबण्याचा आदेशही संपला. देशभर चर्चा चालू होती की जॉर्जिया घाई करतंय का. आमच्यासारख्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांचा प्रश्न त्याहून लहान होता. डीकेटरला पटेल प्लाझात किराण्याला दोन आठवड्यांतून एकदा एकीनेच जायचं हा आमचा नियम, तो आता सैल करायचा का?

आणि मग तो आलेख आला. सर्वाधिक रुग्ण असलेल्या पाच काउंटी: फुल्टन, डीकॅब, ग्विनेट, कॉब आणि हॉल. प्रत्येक तारखेला पाच रंगांचे पाच स्तंभ, शेजारी शेजारी. शाळेत आपण ज्याला जोडस्तंभालेख म्हणायचो त्याचाच मोठा भाऊ. डावीकडे उंच, उजवीकडे ठेंगणे, अगदी जिना उतरल्यासारखे. वर लिहिलं होतं की गेल्या १५ दिवसांत सर्वाधिक झळ बसलेल्या काउंटी आणि काळानुसार तिथले रुग्ण. मी स्क्रीनशॉट काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. साताऱ्याहून आईचा लगेच मेसेज, "कमी होतंय ना गं?" मी लिहिलं, "हो, उतरतंय." त्या शनिवारी आम्ही दोघी किराण्याला गेलो, आणि सामान घेऊन झाल्यावरही थोडं रेंगाळलो.

तारखा मी वाचल्याच नव्हत्या. आता वाचा. डावीकडून पहिली २८ एप्रिल. मग २७ एप्रिल. मग २९. मग १ मे, मग ३० एप्रिल. पुढे ४ मे, ६ मे, ५ मे, २ मे, ७ मे. आणि ७ मेच्या नंतर, हो, २६ एप्रिल. त्यानंतर ३ मे, मग ८, मग ९.

जिना खरा नव्हता. स्तंभ उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले होते आणि तारखा बिचाऱ्या त्यांच्यामागून फरफटत आल्या होत्या. कोणत्याही पंधरा दिवसांचे आकडे असे लावले तर जिना उतरणारच. साथ चढत असली तरी उतरणार.

बोभाटा झाला, अटलांटाच्या वर्तमानपत्रात बातमी आली, आणि गव्हर्नरांच्या कार्यालयातून जाहीर माफी मागितली गेली. खुलासा असा होता की कोणत्या दिवशी आणि कुठे रुग्ण सर्वाधिक होते ते चटकन दिसावं म्हणून आडवा अक्ष उतरत्या क्रमाने लावला होता, हेतू फसला, आलेख दुरुस्त केला आहे. हा मुद्दाम केलेला चावटपणा होता, असं तेव्हा खूप जणांनी म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. एकतर मला लोकांच्या मनातलं कळत नाही. दुसरं म्हणजे तो खुलासा खरा धरला तर प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण मग ही लबाडी उरत नाही. एक चांगला नियम चुकीच्या जागी लागला, एवढंच राहतं. आणि ते तुमच्या-माझ्या हातून पुढच्या आठवड्यात होऊ शकतं.

नियम तुम्हाला माहीत आहे. स्तंभ वर्णानुक्रमे लावू नका, उंचीप्रमाणे लावा. एकदम बरोबर सल्ला आहे. महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांचं पर्जन्यमान अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत वर्णानुक्रमे मांडलं तर वाचणाऱ्याची मान दुखते. जास्त ते कमी लावलं की कोकण एका टोकाला आणि दुष्काळी पट्टा दुसऱ्या टोकाला आपोआप जातो. पण हे चालतं कारण जिल्ह्यांना स्वतःचा असा क्रम नाही. साताऱ्यानंतर सांगलीच यायला हवी अशी काही सृष्टीची सक्ती नाही. तारखांना मात्र आहे.

हा फरक स्तंभालेखाच्या जन्मापासूनचा आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचा एक ॲटलास काढला. त्यातले जवळजवळ सगळे आलेख रेषांचे होते: वर्षं आडवी, पैसा उभा, आयात-निर्यातीच्या रेषा वळणं घेत चाललेल्या. फक्त स्कॉटलंडची पंचाईत झाली. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, १७८०-८१ चे. काळच नाही तर रेषा कशाची काढणार? म्हणून त्याने स्कॉटलंड ज्या १७ ठिकाणांशी व्यापार करत होतं त्या प्रत्येकाला दोन आडव्या पट्ट्या दिल्या, एक आयातीची, एक निर्यातीची. गंमत म्हणजे त्याला स्वतःला ही पट्ट्यांची तऱ्हा कमअस्सल वाटत होती, कारण तिच्यात काळ नव्हता. आज ऑफिसातल्या प्रत्येक स्लाइडवर जी दिसते ती ही तडजोड.

म्हणजे पट्टी जन्मली ती ज्यांना क्रम नाही अशा गोष्टींसाठी. नंतर आपण ती काळासाठीही वापरायला लागलो आणि त्यात गैर काही नाही. रोजचे रुग्ण, महिन्याचा पाऊस, वर्षाचं बजेट, असे सुटे सुटे मोजलेले आकडे स्तंभात छान बसतात. पण वापरताना लक्षात ठेवावं लागतं की आता आडव्या अक्षावर प्लेफेअरचे देश नाहीत, तारखा आहेत. जॉर्जियाच्या आलेखात तारखांना देशांसारखं वागवलं गेलं. त्या '28 एप्रिल' वगैरे खुणा सॉफ्टवेअरने नुसता मजकूर म्हणून घेतल्या असतील आणि कुणीतरी 'मोठ्याकडून लहानाकडे' हा पर्याय निवडला असेल, असा माझा अंदाज. एक्सेलमध्ये, आरमध्ये, पायथनमध्ये, तारीख मजकूर म्हणून आली की काय काय घडतं ते ज्याने एकदा भोगलंय त्याला हे पटेल.

इथपर्यंत सगळे येतात. क्लासमधली स्लाइडही इथेच संपते: क्रम लावा, झालं. माझी खरी तक्रार इथून पुढे सुरू होते. त्या आलेखातल्या तारखा ओळीत लावल्या तरी तो बराचसा चुकलेलाच राहतो.

उजवीकडचे ठेंगणे स्तंभ पुन्हा पाहा. २६ एप्रिल आणि ३ मे शेजारी शेजारी आलेत. कॅलेंडर काढा: दोन्ही रविवार. म्हणजे उंचीप्रमाणे लावताना दोन रविवार गोळा होऊन टोकाला गेले. शनिवार-रविवारी चाचण्या कमी, नोंदी कमी, म्हणून आकडे कमी. हे अमेरिकेतच नव्हे, जवळपास सगळीकडे दिसत होतं. आणि त्यांच्याही उजवीकडे ८ आणि ९ मे, म्हणजे सगळ्यात ताजे दिवस. ते ठेंगणे का? कारण जॉर्जियाचा विभाग रुग्णाची नोंद शक्यतो लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेला टाकत होता. आज मला ताप आला, चार दिवसांनी मी चाचणी केली, आणखी काही दिवसांनी निकाल आला, तर मी मोजली जाणार आजच्या स्तंभात, पण कितीतरी दिवस उशिरा. म्हणून विभाग स्वतःच आपल्या मुख्य आलेखावर शेवटचे १४ दिवस वेगळे दाखवायचा, की हे आकडे अजून वाढतील.

आता हे आणि वरचं वाक्य एकत्र वाचा. पाच काउंटींचा आलेख होता गेल्या १५ दिवसांचा. शेवटचे १४ दिवस कच्चे. म्हणजे जवळजवळ पूर्ण आलेख कच्चा, आणि त्यावर तसं काही दिसत नव्हतं. तो नीट तारखेने लावला असता तरी उजवीकडे उतरलाच असता, आणि मी आईला "हो, उतरतंय" असंच लिहिलं असतं. फरक एवढाच की मग कुणी हसलं नसतं. तो आलेख कुठल्याच क्लासमध्ये दाखवला गेला नसता.

मला वाटतं, स्तंभाचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे. स्तंभ फार ठाम दिसतो. भरीव, रंगवलेला, वर सपाट छत असलेला. 'इतके' असं म्हणून तो मोकळा होतो. 'आत्तापर्यंत इतके सापडलेत' असं म्हणण्याची सोय त्याच्या आकारातच नाही. ती आपल्याला बाहेरून द्यावी लागते. फिकट रंग द्या, तिरप्या रेघा मारा, नुसती बाह्यरेषा ठेवा, शेजारी दोन शब्द लिहा. काहीही करा, पण पिकलेला आकडा आणि कच्चा आकडा एकाच रंगात रंगवू नका.

त्या आलेखात आणखी एक गोष्ट होती जिच्याबद्दल कमी बोललं गेलं. प्रत्येक तारखेच्या आत पाच काउंटींचे स्तंभसुद्धा उंचीप्रमाणे लावले होते. त्यामुळे एका दिवशी फुल्टन पहिली, दुसऱ्या दिवशी तिसरी. मला डीकॅबचं काय चाललंय ते बघायचं होतं, तर प्रत्येक घोळक्यात तिचा रंग नव्याने हुडकायचा. पाच रंग, चौदा दिवस, सत्तर स्तंभ. तारखा ठीक असत्या तरी एवढा गोतावळा डोळ्यांना सांभाळता येत नाही.

आणि हॉल काउंटी. गेन्सव्हिल हे तिथलं मुख्य गाव स्वतःला जगाची पोल्ट्री राजधानी म्हणवतं. तिथल्या कोंबडी कापण्याच्या कारखान्यांत लोक खांद्याला खांदा लावून काम करतात आणि त्या वसंतात तिथल्या कामगारांमध्ये साथ पसरली होती. २०२० च्या जनगणनेत फुल्टनची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर, हॉलची दोन लाखांच्या थोडी वर. म्हणजे एका आलेखात, एकाच मापाने, एक काउंटी आणि तिच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची दुसरी. हॉलचा स्तंभ फुल्टनएवढा असला तर त्याचा अर्थ 'सारखंच' असा नाही, पाचपट वाईट असा आहे. रुग्णांची संख्या हवी की दर एक लाख लोकांमागे रुग्ण, हा प्रश्न आलेख काढण्याच्या आधीचा. इस्पितळात खाटा किती लागतील हे बघायचं तर संख्या. माझ्या शेजारच्या दुकानात जाण्यात धोका किती हे बघायचं तर दर. आलेख वाचणारे कोंबडी कारखान्यातले कामगारही होते. त्यांना तो आलेख त्यांची परिस्थिती सगळ्यात सौम्य असल्यासारखी दाखवू शकत होता.

त्याच फुल्टन काउंटीत, त्याच्या १२० वर्षं आधी, याच राज्याचे आलेख काढले गेले होते. हातांनी, शाई आणि रंग वापरून. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस तेव्हा अटलांटा युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रगतीचं एक दालन होतं, त्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून साठेक तक्ते केले. एक पूर्ण संच जॉर्जियाच्या कृष्णवर्णीयांवर. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ते सगळे फुकट बघायला मिळतात. हा लेख अर्धवट सोडून बघायला गेलात तरी माझी हरकत नाही.

त्यातल्या एका तक्त्यात जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन आहे, एकरांत, १८७४ पासून १८९९ पर्यंत. एका वर्षाला एक आडवी पट्टी, वरून खाली. पहिली सुमारे ३ लाख ३८ हजार एकरांची, शेवटची १० लाखांच्या वर. वर्षं आपल्या क्रमाने चालतात. शेवटच्या काही वर्षांत पट्टी थोडी मागेपुढे होते, तिथेही कुणी तिची जागा बदललेली नाही. गुलामी संपून दहाच वर्षं झालेली असताना या लोकांनी जमीन कशी जोडत नेली, ते पट्ट्यांच्या टोकांनी काढलेल्या त्या काठावर दिसतं. क्रम मोडला असता तर ही गोष्टच राहिली नसती.

दुसरा तक्ता जास्त प्रसिद्ध आहे, आणि माझा जास्त आवडता. १८९० मध्ये जॉर्जियाचे कृष्णवर्णीय लोक शहरात किती, गावात किती. दहा हजारांहून मोठ्या शहरांत ७८,१३९. पाच ते दहा हजारांच्या शहरांत ८,०२५. अडीच ते पाच हजारांच्या शहरांत ३७,६९९. आणि खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. आता ही अडचण तुमच्या ओळखीची असेल: एक आकडा बाकीच्यांच्या नऊपट, नव्वदपट. सगळे एकाच मापाने काढायचे तर मोठी पट्टी कागदाबाहेर जाते. आज आपण काय करतो? पट्टी मधेच तोडून दोन तिरप्या रेघा मारतो, किंवा अक्ष कापतो. डू बॉइस आणि मंडळींनी तोडली नाही. हिरवी, निळी, पिवळी पट्टी सरळ काढली आणि मग लाल पट्टी गोल गोल गुंडाळत नेली, जिलबीसारखी.

हा आदर्श स्तंभालेख आहे असं मी म्हणणार नाही. गुंडाळलेल्या पट्टीची लांबी डोळ्यांना मोजता येत नाही. बेल लॅब्जच्या विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच मापपट्टीवरच्या जागा आपण सगळ्यात अचूक ताडतो. नुसत्या लांबीत जास्त चुकतो, कोनात आणखी, क्षेत्रफळात तर फारच. स्तंभालेख इतका चालतो तो यामुळे: सगळ्यांचे पाय एका रेषेवर, डोकी तेवढी बघायची. (म्हणूनच एकावर एक रचलेल्या विभाजित स्तंभालेखात तळाचा तुकडा तेवढा नीट वाचता येतो. वरचे सगळे हवेत तरंगतात.) जिलबीला पाय नाहीत. पण डू बॉइसने आकडे शेजारी लिहून ठेवले, आणि ती लाल गुंडाळी बघून एक गोष्ट कुणालाही कळते: हे प्रचंड आहे, कागदात मावत नाही एवढं. पट्टी तोडली असती तर नेमकं हेच हरवलं असतं.

पट्टी तोडण्यावरून शाळा आठवते. तुम्ही महाराष्ट्र बोर्डाचे असाल तर तुम्हालाही आठवेल: आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहायचं, ते विसरलं तर मार्क गेला. आणि अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर उगमबिंदूजवळ ती नागमोडी खूण काढायची, अक्षसंकोचाची. मला तेव्हा ती खूण म्हणजे बाईंचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, कबुलीजबाब होता तो. इथून मी काहीतरी गाळलंय, एवढं तरी सांग.

अमेरिकन टीव्हीवर ही खूण कुणी काढत नाही. २०१२ मध्ये फॉक्सवर एक आलेख आला होता: बुश काळातली करकपात संपली तर सर्वात वरचा करदर ३५ टक्क्यांवरून ३९.६ वर जाईल. दोन स्तंभ. उभा अक्ष सुरू होतो ३४ पासून. म्हणजे पहिला स्तंभ एक टक्का उंच, दुसरा ५.६ टक्के. दर वाढणार होता तेरा टक्क्यांच्या आसपास, स्तंभ वाढला साडेपाच पटींहून जास्त. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या पुस्तकात असत्य मोजायचं एक साधं माप दिलंय: चित्रातला फरक भागिले आकड्यांतला फरक. इथे ते येतं सुमारे ३५. टफ्टींच्या मते ते एकच्या आसपास असायला हवं.

फॉक्सचं नाव आलं की ग्रुपमधले अर्धे मान डोलावतात, म्हणून दुसरंही सांगते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसने हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ७५ वरून ८२ टक्क्यांवर गेल्याचं चित्र ट्वीट केलं. स्तंभांऐवजी पुस्तकांच्या थप्प्या. ७५ टक्क्यांना ५ पुस्तकं, ८२ टक्क्यांना १६. बातमी खरी होती, चांगलीही होती. थप्पी खोटी होती.

शून्यापासून सुरू करा, हा नियम स्तंभांना लागतो, सगळ्या आलेखांना नाही. ताप मोजणारी रेषा शून्यापासून काढली तर रुग्ण मेला तरी कळणार नाही. रेषेत आपण चढउतार बघतो, स्तंभात लांबी. लांबी हाच ज्याचा अर्थ, त्याचे पाय कापायचे नाहीत. फरक इतका बारीक असेल की शून्यापासून दिसतच नाही, तर स्तंभ सोडा. ठिपके काढा, रेषा काढा, किंवा सरळ वाक्यात लिहा. दोन आकड्यांना आलेख कशाला लागतो, हेही मला कधी कळलं नाही.

आता माझी पाळी. माझ्या थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात चार भरीव स्तंभ होते, प्रत्येकावर टी आकाराचा एरर बार. पेशींवरचा प्रयोग, प्रत्येक गटात सहा नमुने. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "ठिपके कुठे आहेत?" मी म्हटलं, हे सरासरी आहेत ना. त्या म्हणाल्या, "ते दिसतंय. ठिपके कुठे आहेत?" घरी येऊन ठिपके टाकले. एका गटात सहापैकी चार नमुने खाली घुटमळत होते आणि दोन पार वर. सरासरी मधोमध, जिथे एकही नमुना नव्हता. स्तंभाचं छत रिकाम्या जागेत उभं होतं. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, पदवी चार महिने लांबली, आणि मी त्या बाईंना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरोबर त्याच होत्या.

मी एकटी नव्हते, एवढाच काय तो दिलासा. ट्रेसी वाइसगर्बर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले ७०३ शोधनिबंध चाळले, त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक निबंधांत असे स्तंभ निघाले. आणि येलच्या जॉर्ज न्यूमन आणि ब्रायन शोल यांनी २०१२ मध्ये दाखवलं की सरासरी स्तंभाने दाखवली की लोकांना सरासरीच्या वरच्या आकड्यांपेक्षा खालचे, म्हणजे स्तंभाच्या पोटातले आकडे जास्त शक्य वाटतात. रंगवलेली जागा भरलेली वाटते. डोळा तरी काय करणार? मोजलेल्या संख्येला स्तंभ द्या, ती खरंच तळापासून साठत आलेली असते. सरासरी कुठून साठत येत नाही.

जॉर्जियाचा तो आलेख मी नंतर स्वतः काढून पाहिला, त्या मे महिन्यातच. एका आलेखात पाच काउंटी कोंबण्याऐवजी पाच छोटे आलेख एकाखाली एक घेतले. प्रत्येकाला तोच उभा अक्ष, शून्यापासून. दर एक लाखामागे रुग्ण. पंधराऐवजी साठ दिवस, म्हणजे कच्चा भाग एकूण आलेखात छोटा राहतो. सगळे स्तंभ एकाच राखाडी रंगात, कारण काउंटीचं नाव वर लिहिलंय, मग रंगाने आणखी काय सांगायचंय? रविवारचे खड्डे भरून निघावेत म्हणून सात दिवसांच्या सरासरीची एक रेषा. आणि शेवटचे १४ दिवस फिकट.

नावं मराठीत घालायचा हट्ट होता, तो मॅटप्लॉटलिबने पुरा होऊ दिला नाही. वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटल्या, जोडाक्षरं फुटली, आणि 'ग्विनेट'चं जे झालं ते वाचता येईना. शेवटी मराठी मजकूर वेगळा टाइप करून चित्रावर चिकटवला. तुमच्यापैकी कुणी मराठी मंडळाच्या सर्व्हेचे आलेख करत असाल तर हे लक्षात असू द्या. आणि पट्ट्या आडव्या काढा, म्हणजे नावं सरळ वाचता येतात. नव्वद अंशांत उभं केलेलं देवनागरी वाचायला मान मोडावी लागते.

त्यात हॉल सगळ्यात उंच निघाली. डीकॅब मधे कुठेतरी, ना धड चढत, ना उतरत. ते चित्र मी घरच्या ग्रुपवर टाकलं, आधीच्या स्क्रीनशॉटच्या खाली, आणि लिहिलं की मागचं चुकलं होतं. आईने फोन केला.

"हे शेवटचे फिकट का आहेत?"

"अजून मोजून व्हायचेत ते. वाढतील."

"मग तसं लिही की तिथे. मला कसं कळणार?"

मी लिहिलं. 'शेवटचे १४ दिवस: मोजणी अपुरी.' आणि पुन्हा पाठवलं.